परक्या देशात आपला साक्षीदार कोण?



ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडीच्या पुढे-मागे उसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्या दिवसांतल्या एका शुक्रवारी जुमाची नमाज आटोपून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत असताना याच परिसरातील एका छोट्या शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा वायरिंगचे काम शिकत होता. आखाती देशात असलेल्या एका नातेवाइकाने त्याच्यासाठी व्हिसा पाहिला होता. पैशांची तजवीज करण्यासाठी दोन म्हशी विकल्या होत्या. अडचण एकच उरली होती. कंपनीला तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता आणि मुलाने जेमतेम सहा महिने काम केले होते. एजंट म्हणत होता की दाखला तयार करून मिळेल, त्याचे वेगळे पैसे पडतील.

ते मला म्हणाले, "मौलाना, रिज्क देणारा अल्लाह आहे. कागद मागणारी कंपनी आहे. मग कंपनीला तिचा कागद दिला तर बिघडले कुठे?"

मी म्हणालो, "हे खोटे आहे, म्हणून नाजायज आहे." एवढे बोलून मी घरी गेलो. उत्तर बरोबर होते. पण ते अपुरे होते, हे मला पुढे कळले. आज हा लेख मी त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून लिहीत आहे.

प्रथम त्यांच्या पहिल्या वाक्याकडे वळू या. रिज्क देणारा अल्लाह आहे, यावर आपल्या सर्वांची श्रद्धा आहे. मग परदेशात गेलेल्या मनुष्याला कामासाठी दारोदार का भटकावे लागते? पवित्र कुरआनने सूरह मुल्कमध्ये सांगितले आहे की अल्लाहने ही धरती मानवासाठी वश केली आहे, म्हणून मानवाने तिच्या वाटांवरून चालावे आणि त्याने दिलेल्या उपजीविकेतून खावे. येथे खाण्याच्या आधी चालण्याची आज्ञा आहे. सूरह निसामध्ये अल्लाहच्या मार्गात हिजरत करणाऱ्याला धरतीवर पुष्कळ आश्रयस्थाने आणि विपुलता लाभेल, असे आश्वासन आहे. तेथेही घर सोडणे आधी येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तवक्कुलचे उदाहरण पक्ष्यांचे दिले. पक्षी सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात. घरट्यात बसून राहिलेल्या पक्ष्याचे ते उदाहरण नव्हे. म्हणजे वचन उपजीविकेचे आहे. अमुक देशातील, अमुक कंपनीतील, अमुक पगाराच्या नोकरीचे ते वचन नाही. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर मनुष्य विशिष्ट नोकरीलाच रिज्क समजू लागतो आणि ती मिळवण्यासाठी जो मार्ग दिसेल तो अल्लाहचाच मार्ग मानू लागतो.

आता दुसरा प्रश्न. नवख्या देशात काम मिळणे इतके अवघड का असते? भाषा येत नाही, परवाना चालत नाही, शिक्षणाचा दाखला प्रमाणित करून घ्यावा लागतो, ही कारणे आपण नेहमी ऐकतो. आपल्याकडे दहा वर्षे ट्रक चालवलेला मनुष्य दुबईत वाहनचालक म्हणून राहायला गेला, तर आपल्या परवान्यावर त्याला काम मिळत नाही. त्याला तेथील प्रशिक्षण घेऊन तेथील परीक्षा द्यावी लागते. दहा वर्षांत त्याच्या हातांनी शिकलेले काही तो विसरलेला नसतो. मग तो नेमके काय गमावतो?

माझ्या मते तो आपले साक्षीदार गमावतो. काटेवाडीत एखाद्या वायरमनने कोणाच्या विहिरीवर मोटार बसवली, कोणाच्या घराचे वायरिंग केले, ते काम टिकले की जळाले, हे शंभर माणसांना ठाऊक असते. त्याला कोणताही दाखला लागत नाही, कारण गावच त्याचा दाखला असते. ज्या दिवशी तो विमानात बसतो, त्या दिवशी हे शंभर साक्षीदार मागे राहतात. परक्या देशात त्याच्या हाताबद्दल आणि त्याच्या शब्दाबद्दल सांगणारा कोणी नसतो. म्हणून तेथे कागद मागितला जातो. कागद हा गैरहजर साक्षीदाराच्या जागी उभा केलेला साक्षीदार असतो.

हे मान्य केले, तर खोट्या दाखल्याचे खरे स्वरूप उघड होते. ती केवळ एक थाप नसते. ती खोटी साक्ष असते. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की एकदा प्रेषित (स.) टेकून बसले असताना महापापांची गणना करत होते. शिर्क आणि माता-पित्याची अवज्ञा यांचा उल्लेख केल्यावर ते सरळ उठून बसले आणि खोट्या साक्षीचा उल्लेख इतक्या वेळा करत राहिले की आता त्यांनी थांबावे, असे सहाबांना वाटू लागले. आपण खोटी साक्ष म्हणजे न्यायालयातील शपथ एवढेच समजतो. परंतु ज्याच्यावर विसंबून कोणी आपले घर, आपली इमारत, आपल्या कामगारांचे प्राण सोपवणार आहे, तो शब्द साक्षच असतो, मग तो कठड्यात उभे राहून उच्चारलेला असो की शिक्का मारून लिहिलेला असो.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात जो आक्षेप उमटला असेल, त्याला टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. आक्षेप असा की सगळेच असे करतात. प्रामाणिक मुलगा मागे राहतो, खोटा दाखला देणारा पुढे जातो. शिवाय कंपनीची अटच अवाजवी असते. अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही, या चक्रातून गरिबाच्या मुलाने बाहेर पडायचे कसे?

या आक्षेपात तथ्य आहे. सर्वच अटी न्याय्य नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कोकणातील, रत्नागिरी-कुलाबा भागातील अनेक मुस्लिम कुटुंबे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला गेली. तेथे त्यांनी फेरीवाल्याचा धंदा केला, छोटी दुकाने टाकली, मशिदी उभारल्या. परंतु 1902 साली तेथील वसाहतीच्या सरकारने कायदा केला की नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. उर्दू, अरबी किंवा मराठी जाणणारा मनुष्य त्या कायद्याच्या दृष्टीने निरक्षर ठरला. ही अट कामाच्या कुवतीची नव्हती. ती दार बंद करण्याची युक्ती होती. आजही असे घडते. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने 2013 साली अशी भूमिका घेतली की नोकरीसाठी केवळ कॅनडातीलच अनुभव मागणे हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे. म्हणजे अनुभवाची अट कधीकधी अन्यायाचे साधन बनते, हे त्या देशातील अधिकृत संस्थेनेही मान्य केले.

तरीही येथे थोडा विचार करावा लागेल. अन्यायी अटीविरुद्ध उघडपणे लढता येते. जेथे ती अट नाही, असे काम शोधता येते. स्वतःचा छोटा व्यवसाय करता येतो. केपटाऊनच्या आपल्या कोकणी बांधवांनी हेच मार्ग अनुसरले. आणि वायरमनकडून तीन वर्षांचा अनुभव मागणारी अट ही केपटाऊनच्या अटीसारखी नव्हे. सहा महिने शिकलेल्या हाताने उच्च दाबाच्या वाहिनीवर काम केले, तर त्याचा स्वतःचा किंवा त्याच्या सोबत्याचा प्राण जाऊ शकतो. प्राणावर बेतलेल्या भुकेत निषिद्ध वस्तूही गरजेपुरती चालते, हा शरीअतचा नियम आपण जाणतो. पण ज्या घरात विकायला दोन म्हशी होत्या, त्या घराची अडचण कितीही खरी असली तरी तिला ती मजबुरी म्हणता येणार नाही.

खोट्या दाखल्याचा आणखी एक परिणाम आहे, जो एजंट कधीच सांगत नाही. ज्या शुक्रवारची गोष्ट मी सांगितली, त्यानंतर तो मुलगा तो दाखला घेऊन गेलाच. नऊ-दहा महिन्यांनी त्याच्या वडिलांनी मला पुन्हा गाठले. मुलाचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. त्याच्यासोबतचे कामगार तेथील कामगार कार्यालयात तक्रार करायला गेले. हा मात्र गेला नाही. त्याच्या मुकादमाने त्याला एवढेच विचारले होते की तुझी तीन वर्षे कुठे झाली, ते सांगशील का? मुलाने मान खाली घातली आणि मुकाट्याने कामावर गेला. पाहा, ज्या कागदाने त्याच्यासाठी दार उघडले, त्याच कागदाने त्याचे तोंड बंद केले. जो स्वतः खोटी साक्ष देऊन आला, त्याला आपल्यावरील अन्यायाविरुद्ध खरी साक्ष देण्याचे धैर्य उरले नाही. आणि त्याच्या कामातील कच्चेपणा पाहून मालकाने आपल्या भागातील पुढच्या प्रामाणिक मुलावरही विश्वास ठेवला नाही, तर त्या मुलाचे नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचे?

मग साक्षीदार नसलेल्या मनुष्याने काय करावे? पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये एका परागंदा तरुणाची हकीकत आहे. हजरत मूसा (अ.) मिसर सोडून मदयनला आले, तेव्हा त्यांच्याजवळ घर नव्हते, ओळख नव्हती, काम नव्हते. मागे पकडणारे होते. विहिरीपाशी लोकांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे थोपवून एका बाजूला थांबल्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. मोबदला मागितला नाही, ओळख सांगितली नाही. सावलीत जाऊन बसले आणि पालनकर्त्याजवळ प्रार्थना केली की तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील, त्याचा मी गरजवंत आहे. थोड्या वेळाने त्या दोघींपैकी एक लाजत आली आणि वडिलांनी बोलावल्याचा निरोप दिला. घरी गेल्यावर एका मुलीने वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, कारण कामावर ठेवण्यास उत्तम तोच, जो सशक्त आणि विश्वासू असतो.

वाचकहो, या प्रसंगात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मूसा (अ.) यांच्याजवळ दाखला नव्हता. त्यांचे पहिले कामच त्यांचा दाखला ठरले. आणि ती मुलगी त्यांची साक्षीदार झाली. तिने जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगितले. त्यांची शक्ती तिने विहिरीवर पाहिली होती आणि त्यांचा सभ्यपणाही पाहिला होता. तिने अतिशयोक्ती केली नाही आणि मौनही बाळगले नाही. परक्या मनुष्याला काम मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, त्याने आपले खरे काम दाखवावे. दुसरी, ते काम पाहिलेल्या स्थानिक मनुष्याने तोंड उघडावे. पहिली जबाबदारी येणाऱ्याची आहे. दुसरी आधीपासून स्थायिक असलेल्याची आहे. आपण पहिलीबद्दल पुष्कळ बोलतो आणि दुसरीबद्दल गप्प राहतो.

पुढे त्या वृद्ध पित्याने केलेला करारही पाहण्यासारखा आहे. मुदत आठ वर्षांची ठरली. दहा वर्षे पूर्ण करणे हे मूसा (अ.) यांच्या मर्जीवर सोडले. शिवाय मी तुमच्यावर कष्टाचा भार घालू इच्छित नाही, असे मालकानेच आधी सांगितले. मुदत स्पष्ट, अटी स्पष्ट, आणि गरजू मनुष्याच्या गरजेचा फायदा न घेण्याचे वचन. मूसा (अ.) यांच्यापुढे त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता. त्यांना कितीही कमी देऊन राबवता आले असते. तसे केले गेले नाही.

अशीच शिकवण मदीनेच्या इतिहासातून मिळते. मक्केहून आलेले मुहाजिर व्यापारी होते आणि मदीना खजुराच्या बागांचे, शेतीचे गाव होते. त्यांचे कौशल्य तेथे लगेच उपयोगी पडणारे नव्हते. अन्सारांनी प्रेषित (स.) यांना विनंती केली की आमच्या खजुराच्या बागा आमच्यात आणि या बांधवांमध्ये वाटून द्या. प्रेषितांनी (स.) नकार दिला. तेव्हा असे ठरले की मुहाजिरांनी बागेत श्रम करावेत आणि उत्पन्नात वाटा घ्यावा. दोन्ही पक्षांनी ते आनंदाने मान्य केले. अर्धी बाग दान म्हणून मिळणे हे क्षणभर मोठे वाटते. परंतु श्रमाचा वाटा मिळाल्याने मुहाजिर याचक राहिले नाहीत, भागीदार झाले. पुढे खैबरच्या विजयानंतर त्यांची परिस्थिती सुधारली, तेव्हा अन्सारांनी वापरायला दिलेली झाडे त्यांनी परत केली.

हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपले बंधू ठरलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या संपत्तीत बरकतीसाठी दुआ केली आणि एकच गोष्ट मागितली. बाजाराची वाट दाखवा. ते बनू कैनुकाच्या बाजारात गेले, तूप आणि सुकवलेले पनीर यांचा व्यापार केला आणि थोड्याच काळात स्वतःच्या पायांवर उभे राहिले. सअद (रजि.) यांचे औदार्य थोर होते. परंतु येणाऱ्याची खरी गरज त्यांच्या संपत्तीची नव्हती. बाजार कोठे आहे, तेथे कोण विश्वासू आहे, भाव काय चालतो, ही माहिती त्याला हवी होती. ती देण्यास एक दिरहमही खर्च होत नव्हता.

आता आपल्या समाजातील एका कडू सत्याकडे वळावे लागेल. जी माहिती अन्सारांनी विनामूल्य दिली, ती आज आपलेच लोक आपल्याच लोकांना विकतात. आखाती देशांत आधी गेलेला नातेवाईक तेथील मालकाकडून व्हिसा मिळवतो आणि गावाकडच्या मुलाला तो नफा घेऊन देतो. त्याला आपण 'आझाद व्हिसा' म्हणतो. त्या व्हिसावर गेलेल्या मुलाला कागदावरच्या मालकाकडे काम नसते. त्याने स्वतः काम शोधायचे, मालकाला ठरावीक रक्कम द्यायची आणि पकडले गेल्यास शिक्षाही स्वतःच भोगायची. यात आझाद असे काहीच नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई केली आहे. तरी हा व्यवहार आपल्या दिवाणखान्यांत, चहाच्या कपासोबत, नात्याचे नाव घेऊन चालतो. सूरह निसामध्ये म्हटले आहे की जो चांगली शिफारस करील, त्याला तिच्या पुण्यात वाटा मिळेल आणि जो वाईट शिफारस करील, त्याला तिच्या भारात. ज्याने शिफारशीचा वाटा रोखीने घेतला, त्याने आपल्या पुण्याचा विचार करावा.

आणि आता काटेवाडीकडे परत येऊ. आतापर्यंत आपण स्वतःला मुहाजिर समजून हा विषय वाचला. परंतु येथे, या मातीत, आपण अन्सारांच्या जागी आहोत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात आले. पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे माणसे आली. पुढे भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला, बारामतीला औद्योगिक वसाहत झाली. आज येथे पोट भरणाऱ्या कित्येक कुटुंबांचे आजोबा-पणजोबा कोठून तरी कामाच्या शोधातच आलेले होते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथून जाते, तेव्हा काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि वारकऱ्यांना अन्न-पाणी देण्यासाठी सारा परिसर धावतो. एका दिवसाच्या पाहुण्याचे आदरातिथ्य या गावाला उत्तम ठाऊक आहे. प्रश्न पाच महिने राहणाऱ्या पाहुण्याचा आहे.

दरवर्षी हंगामाला बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसेच अहिल्यानगरमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसाची गणना त्याच्या हत्याराने होते, हाच शब्द पुष्कळ काही सांगतो. मुकादमाकडून आधी 'उचल' घेतलेली असते, ती हंगामभर श्रमाने फेडायची. एखादा दिवस कामावर जाता आले नाही, तर 'खाडा' धरला जातो. कारखान्याच्या तळावर किंवा शेताच्या कडेला कोपी उभारून राहायचे. भाषा आपलीच, राज्य आपलेच, तरी त्यांच्यासाठी हा परका देशच असतो, कारण येथे त्यांचाही साक्षीदार कोणी नसतो. जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा निर्णय झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दर वाढला म्हणून वजन-काटा, हिशोबाची वही आणि आजारपणातला दिवस यांचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत.

मी स्वतःला एक प्रश्न विचारला आणि मला लाज वाटली. माझ्या घरामागच्या शेतात सलग तीन हंगाम एकच टोळी आली. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला सांगता आले नाही. औद्योगिक वसाहतीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले जे तरुण जुमाच्या नमाजेला शेवटच्या सफेत उभे राहतात, त्यांच्यापैकी कोणाला कोणते काम येते, हे मी कधी विचारले नव्हते. आपला मुलगा परदेशात तळमळत असेल, तर आपण रात्रभर दुआ करतो की अल्लाह त्याला एखादा भला मनुष्य भेटवो. त्याच वेळी कोणत्या तरी गावातील एक आई हीच दुआ आपल्या मुलासाठी करत असते आणि तिच्या मुलाला भेटलेले मनुष्य आपण असतो. सूरह मुतफ्फिफीनमध्ये अशा लोकांच्या विनाशाची वार्ता आहे, जे लोकांकडून घेताना माप पूर्ण भरून घेतात आणि देताना कमी देतात. हे माप केवळ धान्याचे नव्हे. न्याय मागताना पूर्ण माप आणि देताना कमी माप, हाही तोच अपराध आहे. आणि मजूर आपल्या धर्माचा आहे की नाही, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. मूसा (अ.) यांनी जनावरांना पाणी पाजण्यापूर्वी त्या मुलींचा कबिला विचारला नव्हता. ज्याने मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी बुडवली, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, अशी हदीस आहे. तेथे मजुराचा धर्म नमूद केलेला नाही.

म्हणून, बंधू-भगिनींनो, काही गोष्टी आपण निश्चयाने कराव्यात.

ज्या कुटुंबातील मुलगा परदेशी जाणार असेल, त्यांनी एजंटचा सरकारी नोंदणी क्रमांक मागावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो तपासावा. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला भरती करता येत नाही. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक घेता येत नाही, आणि त्याची पावती दिली पाहिजे. पर्यटन व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. कामाचा करार निघण्यापूर्वी हातात घ्यावा आणि कोणा जाणत्याकडून तो मराठीत समजून घ्यावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी उत्प्रवासनाची मंजुरी लागते. ती टाळण्याची युक्ती सांगणारा मनुष्य आपला हितचिंतक नसतो.

ज्याचा हात अजून कच्चा आहे, त्याने एक-दोन वर्षे थांबावे. आयटीआयचे प्रमाणपत्र घ्यावे, स्थानिक ठेकेदाराकडे काम करावे आणि झालेल्या कामाचा खरा दाखला घ्यावा. दोन वर्षांचा खरा कागद तीन वर्षांच्या खोट्या कागदाहून कमी दिसतो, पण तो दाखवताना मान खाली घालावी लागत नाही.

जे परदेशात स्थिरावले आहेत, त्यांनी व्हिसा विकू नये. बाजाराची वाट दाखवावी. कोणता मालक पगार वेळेवर देतो आणि कोणता अडकवतो, हे जे जाणतात त्यांनी सांगावे. ती आपल्यावरील अमानत आहे.

आणि मशिदींच्या जमातींनी एक वही ठेवावी. आपल्या वस्तीत कोणाला कोणते काम येते, कोणाला शिकण्याची इच्छा आहे, कोणाकडे शिकवण्यासारखे काम आहे, एवढेच तीत असावे. जुमानंतर दहा मिनिटे ती वही उघडावी. बाहेरगावाहून आलेल्या तरुणाचे नावही तीत यावे. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये वाटसरूचा समावेश अल्लाहने स्वतः केला आहे. मग जमातीच्या वहीत त्याच्यासाठी एक ओळ असायलाच हवी.

शेवटी माझ्याबद्दल. त्या शुक्रवारी त्या पित्याला मी जे सांगितले, ते शरीअतच्या दृष्टीने योग्य होते. परंतु तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या एका विश्वासू वीज ठेकेदाराला मी पंधरा वर्षांपासून ओळखतो. त्याला चांगल्या मुलांची नेहमी गरज असते. माझ्या एका शब्दावर त्याने त्या मुलाला ठेवून घेतले असते. तो शब्द मी उच्चारला नाही, कारण तो मला सुचलाच नाही. मी त्यांना हराम काय ते सांगितले आणि हलालची वाट दाखवायची विसरलो. त्यांनी जो खोटा साक्षीदार विकत घेतला, तो त्यांना विकत घ्यावा लागला, याला त्यांचा एक खरा साक्षीदार गप्प राहिला, हेही एक कारण होते. त्यांच्या पापाचा हिशोब त्यांच्याकडे आहे. माझ्या मौनाचा माझ्याकडे.

त्या मुलाचा पगार अजून पूर्ण सुटलेला नाही. तो परत येईल तेव्हा त्याला कोणाकडे न्यायचे, हे मी आता ठरवून ठेवले आहे, आणि त्या ठेकेदाराशी बोलूनही ठेवले आहे. आपल्याही ओळखीत असा एखादा बाप, असा एखादा मुलगा, शेवटच्या सफेतला असा एखादा अनोळखी चेहरा असेल. पुढच्या जुमाला पायऱ्या उतरण्यापूर्वी त्याला विचारावे, तुला कोणते काम येते?

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल उपजीविका देवो, परक्या भूमीत आपल्या मुलांचे रक्षण करो आणि आपल्या भूमीत आलेल्या परक्याशी न्यायाने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.